रात्री दोनची हाक: नागपुरातल्या एका वृद्धाश्रमातलं प्रकरण

वय ७९. महापालिकेच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात भाड्याच्या दोन खोल्यांत सगळा संसार झाला. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला. हिवाळ्यात मोरीत पाय घसरून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हाताची पकड पूर्वीसारखी आली नाही. एकटीनं राहणं जमेना म्हणून एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात त्या शहराच्या कडेच्या एका वृद्धाश्रमात आल्या. तिथे ३२ आजी-आजोबा राहतात. दिवसा तीन मावशी, एक सिस्टर आणि स्वयंपाकाला दोघी असतात. रात्री एकच मावशी आणि फाटकावर चौकीदार.

तीन आठवड्यांत आजींचं वजन ५२ किलोवरून ४९.२ वर आलं. महिन्याभरात वजन पाच टक्क्यांनी उतरलं तर ती धोक्याची खूण समजतात. इथे ती रेषा तिसऱ्याच आठवड्यात ओलांडली होती. आंघोळीला नाही म्हणायच्या. जेवणात दोन घास. दुपारभर पलंगावर पडून राहायच्या आणि पाच वाजले की भरलेली पिशवी घेऊन फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसायच्या. रजिस्टरात नोंद होती : ‘आजी हट्टी आहेत, सहकार्य करत नाहीत.’

या आजी म्हणजे कुणी एक व्यक्ती नाही. नागपुरातल्या वृद्धाश्रमांत पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टी एकत्र आणून हे प्रकरण मांडलं आहे. आकडे आणि तपशील, अशा वेळी जे आढळतं त्याला धरून आहेत.

मुद्दाम सांगायला हवं की या आश्रमातली माणसं प्रेमळ होती. मावशी आजींना स्वतःच्या डब्यातली भाजी आणून द्यायच्या, सणाला गजरा आणायच्या. तरीही तीन आठवडे आजींना परकं वाटत राहिलं, कारण माया होती पण ती कुठल्या वेळी, कुणी, कोणत्या कामातून पोचवायची हे ठरलेलं नव्हतं. आपलेपणा ड्युटीच्या तक्त्यात उतरला नाही तर तो मावशीच्या त्या दिवसाच्या थकव्यावर अवलंबून राहतो, आणि बारा तासांच्या ड्युटीत थकवा नक्की येतो.

दाखल होण्याचा दिवस

आजी आल्या दुपारी दीडला. बाहेर ४३ अंश. आत जेवणाची पंगत सुरू, तिन्ही मावशी वाढण्यात. ऑफिसात फॉर्म भरायला पाऊण तास लागला आणि बहुतेक प्रश्नांची उत्तरं मुलानं दिली. मग पलंग दाखवला, बॅग ठेवली. आजी बाथरूममध्ये असताना मुलगा निघाला, ‘समोरून निघालो तर रडेल’ म्हणून.

यातली प्रत्येक गोष्ट टाळता येते. एप्रिल-मे महिन्यात दाखल करून घ्यायची वेळ सकाळी साडेआठ ते दहा. शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी नाही, कारण तेव्हा माणसं कमी असतात आणि डॉक्टर भेटत नाहीत. येणाऱ्या माणसासाठी एक मावशी नावानिशी ठरवायची आणि पहिले दोन तास तिला दुसरं काम द्यायचं नाही. क्रम असा : फाटकापर्यंत सामोरं जायचं, बसवून पाणी द्यायचं, संडास-बाथरूम दाखवायचं (रात्री लागणारा दिवा आजींनी स्वतःच्या हातानं लावून बघायचा), मग पलंग, मग शेजारीण, आणि कागदपत्रं सगळ्यात शेवटी. फॉर्मवरचे प्रश्न आजींकडे बघून विचारायचे. त्यांना आठवलं नाही तरच मुलाकडे वळायचं. आणि मुलानं निरोप घेऊनच जायचं. रडू आलं तर येऊ द्यावं. न सांगता गेलेल्या माणसाची वाट बघणं हे रडण्यापेक्षा फार वाईट असतं.

इथे त्याहून मोठी गोष्ट घडली होती. मुलानं आईला सांगितलं होतं, ‘हात बरा होईपर्यंत, थोड्या दिवसांसाठी.’ प्रत्यक्षात घर सोडायचं ठरलं होतं. हे खोटं दुष्टपणाचं नसतं. बहुतेक घरांतून ते आईला दुखवायचं नाही म्हणूनच बोललं जातं. पण मुलगा पुण्याला गेल्यावर ते सांभाळायचं काम मावशींच्या गळ्यात पडतं. रोज पाच वाजता पिशवी घेऊन बसलेल्या आजींना चौकीदार म्हणायचा, ‘येतीलच साहेब, तुम्ही आत बसा.’ मावशी म्हणायच्या, ‘उद्या येतील.’ दर संध्याकाळी ते उद्या खोटं ठरत होतं, आणि आजींच्या लेखी खोटं बोलणारी माणसं या आश्रमातली होती.

दाखल करण्याआधी घरच्यांना एकच प्रश्न रोखठोक विचारावा : ‘आईंना काय सांगितलं आहे?’ उत्तर ‘थोडे दिवस’ असं असेल तर आधी ते नीट करून घ्यायचं. ज्यांची स्मृती खूप ढासळली आहे त्यांची गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टरांशी बोलून ठरवावं लागतं. या आजींना तारीख-वार, पेन्शनची रक्कम, शाळेतल्या मुलांची नावं सगळं आठवत होतं.

तीन दिवसांचा तक्ता

चौथ्या आठवड्यात तपासणीला आलेल्या डॉक्टरांपुढे ‘झोपत नाहीत, चिडचिड करतात’ अशी तक्रार गेली. झोपेच्या गोळीचा विषय निघाला. पडून हाड मोडलेल्या ७९ वर्षांच्या बाईला झोपेची गोळी म्हणजे दुसऱ्यांदा पडायला बोलावणं. सिस्टरनं तीन दिवस मागितले आणि डॉक्टरांनी ते दिले. या प्रकरणाला वळण मिळालं ते इथे.

तक्ता साधा होता. आडव्या ओळीत दोन-दोन तासांचे रकाने, उभ्या ओळीत पाणी-चहा, खाणं, लघवी, शौच, झोप आणि ‘कुठे बसल्या’. दोघी मावशींना लिहिण्याचा सराव नव्हता, म्हणून पेल्याचं, ताटाचं, पलंगाचं चित्र काढलं आणि फक्त काट मारायची ठेवली. पूर्ण पेला म्हणजे पूर्ण काट, अर्धा म्हणजे अर्धी. चित्राचा तक्ता खरा भरला जातो. लिहायचा तक्ता बरेचदा ड्युटी संपताना एकदम आठवून भरतात आणि त्याचा काही उपयोग होत नाही.

तीन दिवसांनी जे दिसलं ते कुणाच्या मनात आलं नव्हतं. दुपारी तीननंतर पाण्याचा एकही पेला नव्हता. दिवसभरात मिळून जेमतेम पाऊण लिटर, तेही मे महिन्यातल्या नागपुरात. शौच तीन दिवसांत एकदा. रात्री लघवीला तीनदा उठणं.

पाणी का पीत नाही, हे ऑफिसात बोलावून विचारलं असतं तर ‘तहान नाही’ एवढंच उत्तर आलं असतं. सकाळच्या मावशीनं केसांना तेल लावताना विचारलं. आजी म्हणाल्या, ‘रात्री त्या पोरीला त्रास होतो.’

पहिल्या आठवड्यात एका रात्री दोनच्या सुमारास आजींनी हाक मारली होती. रात्रीची मावशी आली, हात दिला, संडासापर्यंत नेलं, परत आणून निजवलं. काम सगळं केलं. फक्त उठवताना म्हणाली, ‘काहून वो आजी, आत्ताच तं गेल्या होत्या ना!’ आयुष्यभर कुणापुढे हात न पसरलेल्या बाईला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाणी तोडलं. पाणी तुटलं तशी बद्धकोष्ठता आली, पोट फुगलेलं म्हणून भूक गेली, अशक्तपणानं चक्कर यायला लागली, चक्करच्या भीतीनं आंघोळ नको झाली. रजिस्टरातला ‘हट्ट’ तो हा.

डॉक्टरांनी मग रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर असा दोन्ही वेळा घ्यायला सांगितला. पाच मिनिटं पडून राहिल्यावर १३८/८०, उभं राहून तीन मिनिटांनी ११२/७०. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर पडण्याचा धोका खरा असतो. रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी होती आणि घरून आलेल्या चिठ्ठीवर ‘बीपी – रात्री’ असं लिहिलं होतं म्हणून ती रात्री नऊला दिली जात होती. त्यामुळेच रात्री तीनदा उठणं. तपासणीत सोडियम १३१ निघालं. हे १३५ ते १४५ च्या दरम्यान असायला हवं, आणि कमी झालं की भूक मरते, मळमळतं, पाय लटपटतात, माणूस गोंधळतो. अशा गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांत, विशेषतः बायकांत, हे होतं. डॉक्टरांनी गोळी बदलली, नवी सकाळी ठेवली, दिवसाला साधारण दीड लिटर द्रव पदार्थांचं माप दिलं आणि आठवड्यानं पुन्हा तपासणी लिहून दिली. हे माप या आजींपुरतं आहे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना किती पाणी द्यायचं हे डॉक्टरांनीच सांगायचं असतं.

माप मावशींनी असं बसवलं : उठल्यावर २०० मिली कोमट पाणी, चहा १५०, न्याहारीसोबत १५०, अकराला मीठ घातलेलं ताक २००, जेवताना २००, साडेतीनला पन्हं २००, पाचला चहा १५०, संध्याकाळच्या जेवणात वरणाचं पाणी धरून १५०, आणि गोळ्यांबरोबर मिळून १००. बहुतेक सगळं सहाच्या आत पोटात जातं, म्हणून रात्रीची धावपळ वाढत नाही. ‘आजी, पाणी हवं का?’ असं विचारलं की उत्तर ‘नको’ येतं. पेला हातात दिला आणि शेजारी स्वतःचाही पेला घेऊन टेकलं की निम्म्याहून जास्त वेळा तो संपतो.

रात्रीच्या मावशीचं काय करायचं

बऱ्याच ठिकाणी याचं उत्तर मेमो असतं. मेमोनं बोलणं थांबतं आणि त्या जागी गप्प बसून, तोंड फिरवून केलेलं काम येतं. म्हाताऱ्या माणसाला ते शब्दांपेक्षा जास्त कळतं.

इथे व्यवस्थापिकेनं एक रात्र थांबून कामाची नोंद केली. ३२ माणसं, त्यातली दोघं अंथरुणाला खिळलेली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांची कूस दर दोन तासांनी बदलायची. रात्री अकरा ते पहाटे पाचपर्यंत हाका आणि बेल मिळून मावशी सतत उठत होती, सगळ्यात जास्त एक ते चारमध्ये. ती बसली की दहाव्या मिनिटाला पुढची हाक. ते वाक्य तिच्या स्वभावातून आलेलं नव्हतं.

बदल तीन केले. संध्याकाळच्या एका मावशीची ड्युटी आठऐवजी अकरापर्यंत केली आणि तिला सकाळी तेवढी उशिरा बोलावलं. त्यामुळे रात्रीच्या मावशीला पहिल्या तीन तासांत जेवण आणि थोडी पाठ टेकणं मिळालं. दुसरं, हाकेची वाट न बघता साडेदहा, एक आणि चार वाजता ज्यांना उठावं लागतं त्यांच्याकडे स्वतःहून जायचं. डोळे उघडे असतील तर हळू आवाजात विचारायचं, गाढ झोपेत असतील तर उठवायचं नाही. तिसरं, बोलायचं काय ते ठरवून दिलं : ‘या, हात धरा माझा.’ एवढंच. ‘परत?’, ‘आत्ताच तर’, ‘थांबा जरा’ हे शब्द रात्रीच्या ड्युटीतून काढून टाकले. खरंच थांबवायचं असेल तर किती वेळ ते सांगायचं, ‘आजोबांची कूस बदलून पाच मिनिटांत आले’, आणि पाच मिनिटांत यायचं.

खोलीतल्या गोष्टी स्वस्तात झाल्या. बेलची दोरी पलंगाच्या उजव्या बाजूला होती आणि आजींचं उजवं मनगट कमजोर, म्हणून दोरी डाव्या बाजूला घेतली. पलंग ते संडास या वाटेवर माणूस आला की आपोआप लागणारे दोन छोटे दिवे काही शे रुपयांत बसले. संडासाशेजारच्या भिंतीवर जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर धरायची दांडी होती, पण ती नुसत्या स्क्रूवर हलत होती. अशी दांडी नसलेली बरी, कारण तिच्यावर भरवसा ठेवून माणूस पडतो. ती विटेत खोलवर पक्की केली.

संडासाचीही एक गोष्ट होती. आजींना जन्मभर देशी पद्धतीच्या संडासाची सवय, उंची बेताची. कमोडवर बसलं की पाय लोंबकळायचे आणि जोर लागायचा नाही. पायाखाली सहा ते आठ इंचांचा रुंद, न घसरणारा पाट ठेवला की गुडघे वर येतात आणि काम सोपं होतं. उठताना तो अडखळायला कारण होऊ नये म्हणून मावशीनं आधी पाट सरकवायचा, मग उठायला हात द्यायचा. वरवर हा फार क्षुल्लक तपशील आहे. आजींची भूक परत यायला मात्र याचा वाटा मोठा होता.

आंघोळ, ताट आणि कान

आश्रमात सकाळी साडेसहाला चहा आणि आंघोळी नऊपासून, एकामागून एक. आजींचा नेम उलटा : आंघोळ, देवाला फूल, मग चहा. बिनआंघोळीचा चहा नको म्हणून त्या चहा सोडायच्या, नऊपर्यंत डोकं चढायचं, मग आंघोळही नको. कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. आता त्यांची आंघोळ पावणेसहाला होते. रात्रीची मावशी जाण्याआधीचं ते शेवटचं काम आहे. खुर्ची आधीच आत, टॉवेल खांद्यावर, दार लोटलेलं, मावशी आत पण पाठ फिरवून. पाठीला साबण लावायला बोलावलं तरच वळायचं.

उन्हाळ्यातली एक सावधगिरी नागपुरात विसरता येत नाही. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी नळाला अक्षरशः चटका देणारं येतं आणि म्हातारी कातडी पातळ असते. दुपारी कुणाला धुवायची वेळ आली तर बादलीत पाणी काढून, कोपरानं तपासून मगच वापरायचं. सोसेल असं पाणी ३८ ते ४० अंशांचं.

ताटात अडचण कवळीची निघाली. वजन उतरल्यानं ती सैल झाली होती आणि पंगतीला येईस्तोवर पोळी वातड व्हायची. दंतवैद्याची वेळ मिळेपर्यंत ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून, मऊ वांग्याची भाजी, दही-भात. आठवड्यातून एकदा वडाभात केला तेव्हा आजींनी फोडणीचं तेल वरून मागून घेतलं. जेवणावरचं लक्ष परत आल्याची ती पहिली खूण. वडे मात्र भातात चांगले मुरवून कुस्करून द्यावे लागतात, कोरडे वडे सैल कवळीला सोसत नाहीत.

पंगतीत त्या कुणाशी बोलत नाहीत, ही तक्रार होती. त्यांची जागा डेझर्ट कूलरच्या अगदी शेजारी होती, नवीन माणसाला गार वारा मिळावा म्हणून मायेनं दिलेली. पण कूलरच्या घरघरीत कमी ऐकू येणाऱ्या माणसाला काहीच कळत नाही. श्रवणयंत्र होतं, बॅगेच्या तळाशी डबीत. मुलानं सांगितलं होतं, ‘ती लावत नाही.’ सेल संपलेला होता, एवढंच. तपकिरी खुणेचा ३१२ नंबरचा सेल, साधारण आठवडाभर चालतो. त्यावरचा कागद काढल्यावर एक-दोन मिनिटं हवा लागू द्यायची, मग बसवायचा. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या. रात्री सेलचं दार उघडं ठेवायचं. आंघोळीला आणि केसांना तेल लावताना यंत्र काढायचं. हे सगळं दोन मावशींना हातानं करून दाखवलं आणि सोमवार हा सेल तपासायचा वार ठरला. पंगतीतली जागा कूलरपासून लांब, भिंतीकडे पाठ येईल अशी केली. बोलताना समोर येऊन, आवाज न चढवता, थोडा खालच्या पट्टीत. ओरडून बोललं की शब्द फाटतात आणि माणसाला आपल्यावर कुणी रागावलं आहे असं वाटतं.

कूलरच्या टाक्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून, घासून, वाळवून भरायच्या, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. पावसाळा लागला की कूलरनं दमटपणाच वाढतो, तेव्हा पंखे आणि उघड्या खिडक्याच बऱ्या.

पिशवी

पिशवीला हात लावायचा नाही, हे आधी ठरलं. कुणीतरी चांगुलपणानं कपडे कपाटात लावून दिले असते तर आजींचा उरलासुरला ताबाही गेला असता. फाटकाजवळचा बाक कडुनिंबाच्या सावलीत सरकवला, शेजारी माठ ठेवला. मे महिन्यात पाच वाजताही बाहेर चाळीसच्या वर असतं. ‘उद्या येतील’ म्हणणं सगळ्यांनी बंद केलं. चौकीदारानंही. त्या जागी : ‘कधी येणार ते मला नक्की माहीत नाही आजी. मी बसते तुमच्याजवळ.’

मुलाशी व्यवस्थापिका दोनदा फोनवर बोलली. दोष देऊन नाही. खोटं किती महागात पडतंय ते वजनाच्या आकड्यांसकट सांगून. तो मे अखेरीस एका सकाळी न्याहारीनंतर आला. बोलणं ऑफिसात न करता आजींच्या खोलीत झालं, शेजारीण बाहेर ओट्यावर, कानात यंत्र, दाराबाहेर ओळखीची मावशी. मुलानं तीन गोष्टी सांगितल्या : एकटीनं राहणं आता होणार नाही आणि का, महालातलं घर जून अखेरपर्यंत आपल्याकडे आहे, त्याआधी आईनं स्वतः येऊन काय ठेवायचं ते निवडायचं, आणि तो पुढे कोणत्या तारखेला येणार. ‘दर आठवड्याला येईन’ असलं न पेलणारं आश्वासन देऊ नका, हे त्याला आधी सांगून ठेवलं होतं. फोन रविवारी सकाळी अकराला, ठरलेला. त्याआधी तो कामाच्या गडबडीत कधीही यायचा, मावशीच्या मोबाइलवर, स्पीकर लावून, चारचौघांत.

आजी रडल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत, पुढचे दोन दिवस बोलल्या नाहीत. मावशींना सांगितलं होतं की ‘असं नका करू’, ‘इथे किती जण आहेत बघा’ वगैरे समजावणं करायचं नाही. पाणी द्यायचं, वेळेवर येत राहायचं, जवळ बसायचं. घर सुटल्याचं दुःख खरं आहे आणि ते कुणी बोलून कमी करू शकत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सकाळी आठला सकाळच्या मावशीसोबत ऑटोनं महालात जाऊन आल्या. दोन तासांत निवडलं : देव, एक गोधडी, चावीचं घड्याळ, हात असलेली लाकडी खुर्ची, शाळेतल्या निरोप समारंभाचा फोटो. खुर्चीचे पाय हलत होते, सुताराकडून पक्के करून मगच खोलीत आणली. देवापुढे निरांजनाची ज्योत खोलीत ठेवता येत नाही, कारण शेजारणीला कधीकधी ऑक्सिजन लागतो. म्हणून अंगणातल्या तुळशीपाशी दिवा लावायचं काम त्यांच्याकडे आलं, पावणेसातच्या सुमारास, मावशी जवळ उभी असताना. कपाटाची किल्ली त्यांच्या गळ्यात. दुसरी किल्ली त्यांच्या सहीच्या बंद पाकिटात ऑफिसात. त्यानंतर पिशवी त्यांनी स्वतः रिकामी केली.

रमवण्याचा एक प्रयत्न फसला तोही नोंदवायला हवा. ‘आजींना बरं वाटेल’ म्हणून त्यांच्यापुढे निवडायला सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या ठेवल्या. त्या म्हणाल्या, ‘मी स्वयंपाकाला आले नाही इथे.’ बायकांना भाजी निवडायला आवडतं ही समजूत कर्मचाऱ्यांची होती. ज्याला त्यात रमवायचं त्याला ते राबणं वाटू शकतं, आणि आजींनी तर नोकरी करतानाही भाजी निवडायचं काम कधी आवडीनं केलं नव्हतं. पुढे फिजिओथेरपिस्टनं मनगटाला हलका व्यायाम सांगितला, तेव्हा जेवणघरातल्या फळ्यावर रोजचा वार, तारीख आणि जेवण लिहायचं काम विचारून पाहिलं. ते त्यांनी घेतलं, आणि खडू कोणता हवा ते सांगितलं. फळ्यामुळे कमी ऐकू येणाऱ्या इतर सहा-सात जणांचीही सोय झाली. आज काय आहे ते त्यांना पहिल्यांदाच विचारावं लागलं नाही. मावशी आता त्यांना ‘बाई’ म्हणतात, कारण काय म्हणायचं ते त्यांनाच विचारलं गेलं.

पैशाचं थोडक्यात. पासबुक मुलाकडे होतं आणि ‘माझं पेन्शन कुठे जातं’ ही चिंता त्या कुणाजवळ बोलल्या नव्हत्या. आता पासबुक त्यांच्या कपाटात, महिन्याला हातखर्चाचे पाचशे रुपये त्यांच्या बटव्यात. नोव्हेंबरात हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून ‘जीवन प्रमाण’ या सरकारी सेवेतून करता येतो, त्याची तारीख ऑफिसच्या कॅलेंडरवर आहे. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा मदत क्रमांक व्हरांड्यात मोठ्या अक्षरांत लावलेला आहे. आश्रमाविरुद्ध तक्रार करायची असली तरी तो वापरता येतो, हे सांगूनच लावला आहे.

सहा आठवड्यांनंतर

सोडियम १३६. उभं राहिल्यावर रक्तदाब १२ अंकांनी उतरतो, चक्कर नाही. वजन ५१. रात्री एकदा उठतात. शेजारणीशी पंख्याच्या वेगावरून भांडण अजून मिटलेलं नाही. पलंगांची अदलाबदल करून बघायची आहे.

न सुटलेला प्रश्न रात्रीचा आहे. ३२ जणांना एक मावशी हे प्रमाण चुकीचं आहे. अकरापर्यंतच्या मदतीनं भार हलका झाला, पण पहाटे दोघं एकदम उठले तर आजही एकाला थांबावं लागतं. दुसऱ्या मावशीचा पगार देणग्यांतून दरमहा निघेल याची खात्री नाही. हा खर्च रंगरंगोटी, सोफा, बाग यांच्या आधी करायला हवा. देणगीदारांना ते पटवणं अवघड जातं, कारण रात्रीची मावशी फोटोत दिसत नाही.

आणि सुट्या. बहुतेक मावशी उमरेड, काटोल, सावनेर भागातल्या. पोळा आणि महालक्ष्म्यांना सगळ्या एकाच वेळी गावी जातात, आणि तो त्यांचा हक्क आहे. त्याच दिवसांत आश्रमात पडणं, उपाशी राहणं, रडणं वाढतं, कारण बदली बाईला कुणाचं काहीच माहीत नसतं. म्हणून आता प्रत्येकाच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं एक कार्ड चिकटवलं आहे. त्यावर फक्त रोज लागणाऱ्या गोष्टी : काय म्हणून हाक मारायची, चहा आधी की आंघोळ, कोणत्या कानात यंत्र, कोणत्या हाताला धरायचं, पायाखाली पाट, दार उघडं की लोटलेलं. सुटीच्या आधी बदली मावशीनं जुन्या मावशीबरोबर दोन पूर्ण रात्री पगारी काम करायचं, आणि तिचं नाव व गाव आदल्या दिवशी फळ्यावर लिहायचं. यंदा महालक्ष्म्यांच्या आठवड्यात बाईंच्या तक्त्यात पहिल्या दिवशी तीननंतरचे पेले पुन्हा रिकामे दिसले. सिस्टरनं ते त्याच संध्याकाळी पाहिलं, आणि रात्री साडेदहाची फेरी बदली मावशीबरोबर स्वतः केली.